फूटपाथ सोडून चालणारी माणसं: साडेसहाशे मीटरच्या एका वाटेचं प्रकरण

फूटपाथ नवा होता. दोन मीटर रुंद, एकसारख्या पेव्हर ब्लॉकचा, कडेनं झाडं लावलेला. तरी सकाळी आठच्या सुमाराला तिथे उभं राहिलं की उलटंच दिसायचं. तरणी माणसं फूटपाथवरून जायची आणि म्हातारी माणसं खालून, डांबरावरून, गाड्यांना खेटून. रस्त्याचं काम पाहणाऱ्या अभियंत्यानं आम्हाला हे दाखवलं तेव्हा तो वैतागला होता. "यांना काहीही करून द्या, सवय जात नाही." हे प्रकरण त्या सवयीचं आहे.

जागेचं नाव देत नाही. अशी वाट कुठल्याही शहरात निघेल आणि नाव दिलं की वाचणारा त्या शहराबद्दलच बोलू लागतो. वाट अशी: एका जुन्या वस्तीतून निघणारी नव्वद मीटरची शांत गल्ली, मग मोठ्या रस्त्याच्या कडेनं सुमारे ३८० मीटरचा तो फूटपाथ, मग १४ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायचा, आणि शेवटी आरोग्य केंद्रापर्यंत साधारण १६० मीटरचा चढ. केंद्राला लागूनच वाचनालय आणि एक छोटी बाग. धट्टीकट्टी माणसं हे अंतर आठ-नऊ मिनिटांत कापतात. वस्तीत साठी-सत्तरी ओलांडलेले बरेच होते आणि त्यांनी केंद्रात, बागेत चालत यावं अशी सगळ्यांचीच इच्छा होती. आमच्याकडे, म्हणजे वाटेचा आराखडा करणाऱ्यांकडे, काम आलं ते एका ओळीत: बाक वाढवा, रंगरंगोटी करा, वाट 'ज्येष्ठांसाठी' करून द्या.

पहिली पाहणी, जी चुकली

आम्ही जे सगळे करतात तेच केलं. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ वाटेवर उभे राहिलो आणि जाणाऱ्या-येणाऱ्या वयस्कर माणसांना थांबवून विचारलं, काय अडतं? उत्तरं भरपूर मिळाली. कुत्री आवरा. दिवे लावा. बागेत व्यायामाची यंत्रं बसवा. एका आजोबांनी तर धावण्यासाठी वेगळी मार्गिका मागितली. पायऱ्या, बाक, सिग्नल यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आम्ही टिपणं घेऊन परत आलो आणि आराखड्याचं पहिलं पान रंगवायलाही घेतलं.

चूक लक्षात आली ती योगायोगानं. आरोग्य केंद्रात औषधं देणाऱ्या बाईंना आम्ही यादी दाखवली, तर त्या म्हणाल्या, "हे सगळे चालणारे आहेत. माझ्याकडे आता येत नाहीत त्यांना विचारलंत का?" त्यांच्याकडे पूर्वी दर महिन्याला चालत येणारे आणि आता मुलाला किंवा शेजाऱ्याला औषधं न्यायला पाठवणारे बरेच जण होते. रस्त्यावर भेटतो तो माणूस त्या रस्त्याच्या परीक्षेत पास झालेला असतो. नापास झालेला घरात बसलेला असतो आणि पाहणीत त्याचं नाव येत नाही. ही गोष्ट वाचायला सोपी आहे. आम्ही मात्र वर्षानुवर्षं हेच काम करूनही ती विसरलो होतो.

मग आम्ही घरोघरी गेलो, केंद्रातल्या कर्मचाऱ्यांमार्फत आधी निरोप देऊन. प्रश्नही बदलला. 'काय अडचण आहे' असं विचारलं की म्हातारं माणूस बहुधा सांगतं, काही नाही बाबा, वय झालं. स्वतःच्या गुडघ्याला दोष देतं, रस्त्याला नाही. म्हणून विचारलं: शेवटचं चालत गेलात ते कधी? कुठपर्यंत गेलात? कुठून परत फिरलात? आणि नकाशावर ती जागा दाखवायला सांगितली. काहींना नकाशा उमगला नाही. त्यांनी 'निळ्या गेटाच्या पुढे', 'जिथे झाकण वर आलंय तिथे' असं सांगितलं आणि आम्ही खुणा केल्या.

त्या कागदाकडे पाहिल्यावर अंतर हा मुद्दाच नव्हता हे कळलं. परत फिरण्याच्या खुणा वाटभर पसरलेल्या नव्हत्या. त्या तीन ठिकाणी दाटल्या होत्या: मोठ्या रस्त्यावरच्या फूटपाथचा पहिला शंभर-सव्वाशे मीटरचा भाग, रस्ता ओलांडण्याची जागा आणि शेवटच्या चढाचा मध्य. चौथं कारण नकाशावर मावलंच नाही. त्याच्याकडे नंतर येतो.

चौदा गेटं, अठ्ठावीस पायऱ्या

३८० मीटरच्या फूटपाथवर चौदा गेटं होती. प्रत्येक गेटाशी गाडी आत-बाहेर करायची म्हणून फूटपाथ तोडलेला, आणि तुटलेल्या दोन्ही टोकांना १५ सेंटिमीटरची पायरी. म्हणजे केंद्रापर्यंत जाताना चौदा वेळा उतरायचं, चौदा वेळा चढायचं. परतताना पुन्हा तितकंच. कागदावर जो सलग फूटपाथ होता तो पायाखाली एक लांबलचक जिना होता. डांबर मात्र सपाट होतं. म्हातारी माणसं खालून चालत होती ती सवयीनं नव्हे, हिशेबानं. गाडीचा धोका त्यांनी पायरीच्या धोक्याशी ताडून पाहिला होता आणि गाडी पत्करली होती.

यातही चढण्यापेक्षा उतरणं वाईट, हे तरुण माणसाला सांगावं लागतं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलतो, ब्रेक लावल्यासारखा. वय वाढतं तशी ही ब्रेक लावण्याची ताकद कमी होते आणि दुखरा गुडघा नेमका तिथे कच खातो. त्यात चष्मा. वर दूरचं आणि खाली जवळचं पाहण्याची भिंगं असलेला चष्मा घालून खाली पाहिलं की पायरीची कड वाचनाच्या भिंगातून दिसते, म्हणजे पुसट दिसते. असे चष्मे घालणाऱ्या वयस्करांमध्ये पडण्याचं प्रमाण जास्त असतं हे २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिसलं होतं. पायरीच्या कडेला दुसऱ्या रंगाची पट्टी हवी असं आपण सांगतो ते याचसाठी. इथे मात्र पायरी आणि रस्ता दोन्ही राखाडी.

गेटापाशी दुसरीही एक गडबड होती. चारेक ठिकाणी कुणीतरी पायरी फोडून सिमेंटचा उतार करून घेतला होता, पण तो गाडीच्या सोयीचा, रस्त्याच्या दिशेनं आडवा. चालणाऱ्याच्या पायाखाली फूटपाथ एका बाजूला कलतो. असा आडवा उतार १:५०च्या आत, म्हणजे दोन टक्क्यांच्या आत असावा असा सर्वसाधारण नियम आहे. इथे आम्ही सात-आठ टक्के मोजले. वॉकर घेऊन तिथून जाऊन पाहिलं तर चाकं आपोआप रस्त्याकडे ओढतात आणि माणूस सगळी ताकद सरळ राहण्यात घालवतो. हा प्रयोग आमच्यातल्या प्रत्येकानं करून पाहावा असा आग्रह मी धरला आणि त्यावर थोडी चेष्टा झाली. पण आराखड्यावरची चर्चा त्या दिवसापासून बदलली.

उपाय तसा जुनाच आहे. फूटपाथ गेटापाशी खाली आणायचा नाही. तो त्याच उंचीनं पुढे जाऊ द्यायचा आणि गाडीनं वर चढायचं. गाडीसाठीचा उतार फूटपाथच्या बाहेरच्या साठ-सत्तर सेंटिमीटरच्या पट्ट्यात, जिथे झाडं आणि खांब असतात तिथेच संपवायचा. उरलेली सव्वा मीटरची चालण्याची पट्टी सपाट राहते. याचा आणखी एक परिणाम होतो जो नकाशात दिसत नाही. गाडीला चढावं लागलं की चालक वेग कमी करतो आणि आपण दुसऱ्याच्या जागेतून जातोय हे त्याला जाणवतं.

घरमालकांचा विरोध अपेक्षित होता, पण त्यातला अर्धा भाग खरा निघाला. गाडीचा तळ घासेल ही भीती उताराची लांबी बदलून मिटवता आली. पाण्याचा मुद्दा मात्र आम्ही हलका घेतला होता. काही आवारं रस्त्यापेक्षा खाली होती. तिथे फूटपाथ सलग उचलला की तो बांध होतो आणि पावसाचं पाणी आवारातच तुंबतं. मग प्रत्येक गेटाशी लेव्हल घ्यावी लागली, कंटाळवाणं काम, आणि त्यात दोन आठवडे गेले. अकरा गेटांशी फूटपाथ सलग नेता आला. तीन ठिकाणी नाही. तिथे पायरीऐवजी अख्खा फूटपाथच चालण्याच्या दिशेनं हळूहळू खाली आणला. व्हीलचेअरच्या रॅम्पसाठी १:१२ हा उतार बहुतेक नियमावल्यांत कमाल मानतात. १५ सेंटिमीटरसाठी त्याची लांबी १.८ मीटर होते. पण तो कमाल आहे, आदर्श नाही. काठी घेऊन उतरणाऱ्याला १:१२ चांगलाच तीव्र वाटतो. आम्ही १:२० धरला, म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर. जागा होती म्हणून जमलं.

सलग फूटपाथचं बक्षीस लगेच मिळालं: दुचाकीस्वारांना तो आवडला. तक्रारी आल्या आणि दोन्ही टोकांना बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे ठेंगणे खांब, बसवायचं ठरलं. इथे एक घोटाळा नेहमी होतो. दुचाकी थांबेल इतकं अंतर कमी केलं की व्हीलचेअरही थांबते, कारण दोघींची रुंदी जवळपास सारखीच. आम्ही मधे एक मीटर मोकळं ठेवलं आणि काही दुचाकी त्यातूनही जातील हे मान्य केलं. बोलार्ड कमरेइतके उंच आणि वरच्या भागावर पांढरी पट्टी असलेले घेतले. गुडघ्याएवढा काळा बोलार्ड म्हणजे कमी दिसणाऱ्या माणसाच्या नडगीवर लावलेला सापळा.

बारा सेकंद

रस्ता ओलांडायच्या जागी सिग्नल होता, झेब्रा पट्टे होते, हिरवा माणूस बारा सेकंद दिसायचा. १४ मीटर रस्ता, सेकंदाला १.२ मीटर वेग, म्हणजे पावणेबारा सेकंद. हिशेब बरोबर. फक्त तो वेग कुणाचा, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. १.२ मीटर हा आकडा अनेक देशांच्या सिग्नलच्या गणितात वर्षानुवर्षं बसलेला आहे. इंग्लंडमधल्या ६५ वर्षांवरील लोकांच्या आरोग्य पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०१२मध्ये आला, त्यात पुरुषांचा सरासरी वेग ०.९ आणि स्त्रियांचा ०.८ मीटर निघाला. अमेरिकेच्या वाहतूक चिन्हांच्या नियमावलीनं २००९मध्ये आपला आकडा सेकंदाला चार फुटांवरून साडेतीन फुटांवर, म्हणजे साधारण १.०७ मीटरवर आणला. सुधारणा खरी, पण ०.८नं चालणाऱ्या बाईंना त्या १४ मीटरसाठी साडेसतरा सेकंद लागतात.

शिवाय हिरवा दिवा लागला की त्या लगेच निघत नाहीत. आधी डावीकडे पाहतात, उजवीकडे पाहतात, वळणारी गाडी खरंच थांबली का ते पाहतात, मग पायरीवरून खाली उतरतात. यात दोन-तीन सेकंद जातात. आम्ही बाजूला उभं राहून पाहिलं तेव्हा बरेच वयस्कर पहिला हिरवा दिवा सोडूनच द्यायचे. पुढचा लागताच निघता यावं म्हणून. म्हणजे त्यांना एकदा ओलांडण्यासाठी दोन फेऱ्या उभं राहावं लागायचं, आणि ज्याचे पाय दुखतात त्याला उभं राहणं चालण्याहून कठीण.

वाहतूक विभागाचं म्हणणं सरळ होतं: वेळ वाढवली तर गाड्यांची रांग वाढेल. ते खोटं नव्हतं. मग मधे दुभाजक रुंद करून थांबायला बेट द्यावं आणि दोन टप्प्यांत ओलांडायला सांगावं, असा पर्याय त्यांनीच सुचवला. बेटाला मी एरवी विरोध करत नाही. रुंद रस्त्यावर ते जीव वाचवतं. पण त्यासाठी किमान दोन मीटर खोली हवी, धरायला दांडा हवा, आणि दोन टप्पे म्हणजे भर रहदारीत आणखी एकदा उभं राहणं. घरी भेटलेल्या दोघींनी अशाच एका बेटावर अडकल्याची आठवण सांगितली होती. एक म्हणाली, "दोन्हीकडून गाड्या आणि मी मधे खांबासारखी." त्यानंतर ती वाट तिनं सोडली.

आम्ही रस्ताच अरुंद करायचं सुचवलं. दोन्ही कडांना दोन-दोन मीटरची पार्किंगची पट्टी होती. ओलांडायच्या जागी कुणी कायदेशीर गाडी लावू शकत नव्हतंच, पण डांबर होतं म्हणून लावली जायची आणि तिच्यामागून डोकावून पाहावं लागायचं. दोन्हीकडचे फूटपाथ तेवढ्या भागात पुढे काढले. चौदाचे दहा मीटर झाले. ०.८च्या वेगानं साडेबारा सेकंद. हिरवा माणूस बाराचा सोळा केला आणि सुरुवातीचे चार सेकंद वळणाऱ्या गाड्यांना लाल ठेवले, म्हणजे गाडी वळेपर्यंत चालणारा रस्त्यावर उतरलेला असतो आणि चालकाला दिसतो. कोपऱ्याची गोलाईही कमी केली, जेणेकरून गाडी वळताना सावकाश व्हावी. अग्निशमनाची गाडी वळेल का, याची चाचणी प्रत्यक्ष शंकू मांडून घ्यावी लागली. तिला थोडा पल्ला जास्त लागतो हे कळल्यावर एक कोपरा आम्ही परत मोठा केला. तडजोड आहे ती, आणि त्या कोपऱ्यावर गाड्या अजून जोरात वळतात.

सिंगापूरमध्ये २००९पासून एक सोय आहे. वयस्करांनी आपलं सवलतीचं कार्ड सिग्नलच्या खांबावरच्या यंत्राला टेकवलं की हिरवा दिवा काही सेकंद जास्त राहतो, ओलांडण्याच्या रुंदीनुसार तीनपासून तेरा सेकंदांपर्यंत. बैठकीत ही कल्पना सगळ्यांना फार आवडली, कारण ती दिसायला आधुनिक आहे आणि गाड्यांच्या रांगेला रोजचा फटका नाही. तिथे ती चालते कारण असं कार्ड वयस्करांच्या खिशात असतंच. इथे कार्ड आधी वाटावं लागलं असतं, आणि एका हातात काठी, दुसऱ्यात पिशवी असलेल्या बाईनं ते काढायचं कसं? मी विरोध केला. आम्ही सगळ्यांसाठी सोळा सेकंद घेतले.

एक भांडण इथे नोंदवायलाच हवं. ओलांडायच्या जागी फूटपाथची कड रस्त्याच्या पातळीला आणली की वॉकर आणि व्हीलचेअर सुखानं जातात, पण दृष्टिहीन माणसाला फूटपाथ कुठे संपला ते कळत नाही. म्हणून तिथे उठावदार टिपक्यांच्या लाद्या लागतात. सेइइची मियाके या जपानी संशोधकानं १९६५मध्ये त्या तयार केल्या आणि १९६७मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या गेल्या. आज जगभर आहेत. पण संधिवातानं तळवे दुखणाऱ्याला त्या टिपक्यांवर उभं राहणं नकोसं होतं आणि वॉकरची छोटी चाकं त्यात अडखळतात. दोघांचंही म्हणणं रास्त. दृष्टिहीनाला लाद्यांवाचून पर्याय नाही, तळवे दुखणाऱ्याला बाजूनं जाण्याचा पर्याय देता येतो. लाद्या नियमाप्रमाणे पूर्ण रुंदीत बसवल्या आणि सिग्नलची वाट पाहायची, टेकायची जागा त्यांच्या मागे गुळगुळीत ठेवली. उठावदार भाग पार करावा लागतोच, त्यावर उभं मात्र राहावं लागत नाही.

बसायला आणि टेकायला

बाक आधीही होते. चार. पॉलिश केलेल्या दगडाचे, पाठ नसलेले, जमिनीपासून जेमतेम ३८ सेंटिमीटर उंच, आणि चारही बागेच्या तोंडाशी, जिथून देखावा चांगला दिसतो. बसलेल्या माणसाला उठता यायला हवं, हे बाक घडवणाऱ्याच्या मनात आलेलं दिसत नव्हतं. इतक्या खाली बसलं की गुडघे नितंबाच्या वर जातात आणि हातांना दाबायला काही नसलं तर उठता येत नाही. बैठक ४५ ते ४८ सेंटिमीटरवर हवी. पाठ हवी. दोन्ही बाजूंना हात हवेत आणि ते बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत यायला हवेत, कारण उठताना माणूस पुढच्या टोकावर जोर देतो.

दोन बाकांत अंतर किती? ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत काठी घेऊन चालणाऱ्यांना न थांबता सुमारे ५० मीटर जमतात असं धरलं आहे, काठीविना पण अडचणीनं चालणाऱ्यांना १००. त्या हिशेबानं या वाटेवर बारा-तेरा बसण्याच्या जागा हव्या होत्या. आमच्या पहिल्या आराखड्यात त्या पट्टी लावून मोजल्यासारख्या पन्नास-पन्नास मीटरवर आल्या होत्या. मग परत फिरण्याच्या खुणांचा कागद त्यावर ठेवला आणि बाक सरकवले: रस्ता ओलांडण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, चढ सुरू व्हायच्या आधी एक, चढावर तीस मीटरवर एक, साठवर एक. सपाट भागात अंतर सत्तरपर्यंत वाढू दिलं. एका बाकावरून पुढचा दिसला पाहिजे, ही अट मात्र कुठेच सोडली नाही. दमलेला माणूस उरलेले मीटर मोजत नाही, पुढचा थांबा दिसतो का ते पाहतो. दिसला तर निघतो.

चढावर दोन ठिकाणी बाकांऐवजी दांडे लावले, साधारण सत्तर सेंटिमीटरवर, नितंब टेकून उभं राहता येईल असे. काही जणांना बसणं नको असतं, कारण पुन्हा उठण्याचं संकट. नितंब टेकले, अर्धा भार गेला, दोन मिनिटांत पुढे. बैठकीत या दांड्यांना कुणी 'बाकाची काटकसर' म्हणालं. वापर पाहिल्यावर तो शब्द मागे पडला.

बाकांवर रिकामटेकडी पोरं बसतील, हा आक्षेप आला. बसतात. त्यांच्यामुळे बाक भरलेले दिसतात खरे, पण आम्ही पाहिलं त्या सगळ्या दिवसांत काठीवाला माणूस आला आणि पोरं उठली नाहीत असं एकदाच झालं.

स्वतःची चूक सांगतो. पहिले दोन बाक आम्ही फूटपाथच्या मागे मातीत बसवले, फूटपाथची रुंदी वाचावी म्हणून. कडेची उंची आठ सेंटिमीटर. कोरड्या दिवसांत कुणी तक्रार केली नाही. पावसात तिथे चिखल झाला आणि बाक वाटेपासून दीड मीटरवर असूनही वाटेचा राहिला नाही. नंतर खालची जागा फूटपाथच्या पातळीला बांधून घेतली आणि शेजारी नव्वद सेंटिमीटर मोकळे सोडले, व्हीलचेअर लावून जोडीदाराशेजारी बसता यावं म्हणून. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं.

पायाखाली आणि अंधारात

चालताना पाऊल पुढे जातं तेव्हा त्याचा पुढचा भाग जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वर असतो. तरुणांचंही तसंच. फरक असा की अडखळल्यावर तरुण सावरतो. म्हणून वर आलेलं चेंबरचं झाकण, दबलेला पेव्हर ब्लॉक या किरकोळ गोष्टी नाहीत. अमेरिकेच्या अपंग सुगमतेच्या मानकांत पाव इंचापर्यंतची, म्हणजे साधारण ६.४ मिलिमीटरची उभी कड चालते, त्यापुढे तेरापर्यंत ती घासून तिरकी करावी लागते आणि त्याहून जास्त असेल तर रॅम्पच. आम्ही वाटेवर एक नाणं उभं धरून फिरलो. त्याच्यावर गेलेली प्रत्येक कड खडूनं रंगवली. संध्याकाळपर्यंत फूटपाथ खडूनं भरला आणि अभियंत्यानं त्याचे फोटो स्वतःहून वरच्या कार्यालयात पाठवले. त्यानंतर त्यानं 'सवय' हा शब्द वापरला नाही.

नव्या फूटपाथवर शोभेसाठी काळ्या लाद्यांचे आडवे पट्टे होते. एका घरी विस्मरणाचा आजार असलेल्या आजोबांची सून म्हणाली, ते त्या पट्ट्यांशी थांबतात आणि उडी मारल्यासारखं पाऊल टाकतात. गडद पट्टा त्यांना खड्डा किंवा पायरी वाटतो. डिमेन्शियात आणि नजर अधू असताना हे सर्रास होतं. पट्टे काढले. वाटेतला हा सगळ्यात स्वस्त बदल होता आणि सगळ्यात जास्त नाराजी यावरच झाली, कारण नक्षी कुणीतरी मोठ्या हौसेनं केली होती.

दिव्यांचं थोडक्यात: साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या सुमारे तिसरा हिस्साच उजेड पोचतो, भिंग पिवळं पडतं आणि बाहुली लहान होते. तरी उपाय प्रखर दिवा नाही. प्रखर दिव्याखालून अंधारात जाताना वयस्कर डोळा सावरायला जास्त वेळ घेतो. आम्ही दिवे बदलले नाहीत, झाडांच्या फांद्या छाटल्या आणि मधे आणखी तीन खांब लावले. उजेडाची डबकी होती तिथे उजेड एकसारखा झाला.

नकाशावर न मावलेलं कारण

आता ते चौथं कारण. घरोघरी बोलताना सगळं सांगून झाल्यावर, निघता निघता, बायका हळूच म्हणायच्या: सकाळी लघवीची गोळी असते. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी शरीरातलं पाणी कमी करणारं औषध घेतलं की पुढचे दोन-तीन तास पुन्हा पुन्हा जावं लागतं. सकाळी ऊन नसतं म्हणून चालायची वेळ तीच, आणि केंद्राची वेळही तीच. काही जणी बाहेर जायच्या दिवशी गोळीच घेत नव्हत्या. हे ऐकल्यावर औषधं देणाऱ्या बाई गंभीर झाल्या. त्यांच्या दृष्टीनं आमच्या सगळ्या पाहणीतली हीच कामाची गोष्ट होती, आणि गोळीची वेळ बदलता येते का हे डॉक्टरांना विचारून घ्या असं त्यांनी खिडकीवर प्रत्येकाला सांगायला सुरुवात केली.

वाटेच्या बाजूनं आम्हाला करता आलं ते एवढंच: ओलांडण्याच्या जागेजवळ एका सरकारी इमारतीत तळमजल्यावर स्वच्छतागृह होतं, ते सकाळी सातपासून उघडं ठेवायला लावलं, दाराची घट्ट स्प्रिंग काढली, आत धरायला दांडा बसवला आणि दोन्ही बाजूंच्या बाकांपाशी बाण लावले. आराखड्यात याला एक ओळ मिळाली. फूटपाथच्या रंगाला तीन पानं होती.

काम झाल्यानंतर

वाट खुली झाल्यावर आम्ही पुन्हा त्याच घरांत गेलो. काही जण केंद्रापर्यंत जाऊ लागले होते. काही फक्त रस्त्याच्या अलीकडच्या बाकापर्यंत, आणि ते त्यांना पुरेसं होतं. तिथे बसून येणारं-जाणारं बघायचं आणि परत यायचं. आमच्या आराखड्यात वाटेचं टोक केंद्र होतं, त्यांच्या मनात तसं नव्हतं. बेटावर अडकलेल्या त्या बाईंना आम्ही नवीन ओलांडणीची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चांगलं केलंत. पण आता माझं मन होत नाही." दीड वर्षं घरात बसलेल्या माणसाचे पाय आणि धीर दोन्ही कमी झालेले असतात, आणि वाट सपाट केल्यानं ते परत येत नाहीत. वर्षभर आधी हे काम झालं असतं तर? याला उत्तर नाही.

रस्त्यावरून चालणं मात्र जवळजवळ थांबलं. ज्या अकरा गेटांशी फूटपाथ सलग होता तिथे वयस्कर माणसं फूटपाथवर होती, कुणी सांगितलेलं नसताना.

साधारण चार महिन्यांनी कुठल्याशा केबलसाठी सहाव्या गेटापाशी खोदाई झाली. खड्डा बुजवला, वर सिमेंटचा गोळा थापला, तो आजूबाजूच्या लाद्यांपेक्षा चार सेंटिमीटर वर आला आणि कडेनं फुटू लागला. खोदणाऱ्यांना फूटपाथ पूर्ववत करण्याची अट होती आणि त्यांच्या मते त्यांनी ती पाळली होती. अभियंत्यानं फोन केला, तेव्हा मी तिथे गेलो. पाचव्या गेटापर्यंत एक काठीवाले आजोबा फूटपाथवरून येत होते. गोळा दिसला तसे थांबले, मागे वळून गाडी येते का पाहिलं, आणि सावकाश रस्त्यावर उतरले. सातव्या गेटापाशी पुन्हा वर आले.